संरक्षणाचा खर्च १३ टक्के की रुपयातले ८ पैसे? आणि तो कमी केला तर आमच्या उपकेंद्राला काही मिळेल का?

माणदेशी_ताई

नमस्कार मंडळी. मुलगा अकरावी कॉमर्सला आहे, दिवाळीच्या सुट्टीत त्याला प्रोजेक्ट दिलाय, केंद्राच्या बजेटमधला कुठलाही एक खर्च घ्यायचा आणि तो घरच्यांना समजेल असा मांडायचा. त्यानं संरक्षण घेतलं कारण त्याचा मामा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, फौजेत आहे, सध्या लेहकडं. आता घोळ असा झालाय की एका ठिकाणी दिलंय २०२५-२६ ला संरक्षणाला ६ लाख ८१ हजार २१० कोटी, म्हणजे एकूण बजेटच्या १३.४५ टक्के, आणि सरकारच्याच कागदात ते रुपया कुठं जातो असं गोल चित्र असतं ना त्यात संरक्षण फक्त ८ पैसे. दोन्ही सरकारी, मग खरं कुठलं? त्याच्या सरांनापण नीट सांगता आलं नाही.

आणि यावरून घरात जुंपली. सासरे स्वतः फौजेतून आलेले, ते म्हणाले फौजेच्या पैशाला हात लावायचं नाव काढू नका. दीर म्हणाले अहो आबा, सहा लाख कोटीतले लाखभर कोटी काढून गावोगावच्या दवाखान्यांना दिले तर काय सीमा उघडी पडते का. दीरांचा राग मला कळतो. गेल्या श्रावणात जाऊबाईंना रात्री दोनला कळा सुरू झाल्या, उपकेंद्राला कुलूप, सिस्टर रजेवर, बदली कुणी नाही, १०८ ला फोन केला तर गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, शेवटी शेजारच्यांच्या पिकअपमध्ये गादी टाकून नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत पण तो पिकअपचा प्रवास मी विसरू शकत नाही, मी मागं बसून तिचं डोकं मांडीवर धरलं होतं.

आणि दुसरीकडं भावाचा फोन चार दिवस लागला नाही की माझा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून मला खरंच समजून घ्यायचंय, हा खर्च जास्त आहे का, आणि कमी केला तर तो पैसा आमच्यापर्यंत येतो तरी का? माहितगारांनी सोप्या भाषेत सांगा प्लीज.

खडकीचा_हिशेबनीस

ताई, मी पुण्यात संरक्षण लेखा खात्यात ३४ वर्षं काढली, आता रिटायर आहे, जमेल तेवढं सांगतो, जरा लांबेल.

दोन्ही आकडे खरे आहेत. १३.४५ टक्के काढताना वर ६.८१ लाख कोटी आणि खाली केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी धरलाय. त्या गोल चित्रात मात्र खालचा आकडा मोठा होतो, कारण राज्यांना करातला जो वाटा जातो तोही त्यात धरतात (२२ पैसे तोच आहे बघा), आणि वरचा आकडा लहान होतो कारण फौजी पेन्शन तिथं संरक्षणात न दाखवता पेन्शनच्या वेगळ्या ४ पैशांत जाते. खाली वाढलं वर कमी झालं, म्हणून १३ चे ८ झाले. मुलाला सांगा प्रोजेक्टमध्ये हेच पहिलं पान कर. आणि तिसरा आकडा पण असतो, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या म्हणजे जीडीपीच्या किती, तो साधारण १.९ टक्के. ज्याला खर्च मोठा दाखवायचाय तो १३ सांगतो, ज्याला लहान दाखवायचाय तो १.९ सांगतो. भांडणाआधी समोरच्याला विचारायचं, खाली काय धरलंय.

आता मुख्य गोष्ट. हे ६.८१ लाख कोटी म्हणजे तोफा-विमानं नव्हेत. संसदेत संरक्षणाच्या चार मागण्या जातात, क्रमांक १९ ते २२. त्यात भांडवली खर्च म्हणजे नवीन विमानं, जहाजं, तोफा, रणगाडे वगैरे १ लाख ८० हजार कोटी, शंभरातले साधारण २६ रुपये. पगार, रेशन, डिझेल, दारूगोळा, डागडुजी हे महसुली खर्चात, ३ लाख ११ हजार कोटी, शंभरातले ४६. पेन्शन १ लाख ६० हजार ७९५ कोटी, म्हणजे जवळजवळ २४. उरलेले चारेक रुपये मंत्रालयाचा नागरी भाग, त्यात सीमेवरचे रस्ते, तटरक्षक दल वगैरे येतं.

पेन्शनचा आकडा परत वाचा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची त्याच वर्षाची सगळी तरतूद १ लाख २८ हजार कोटी आहे, फौजी पेन्शन त्याहून जास्त. ३४ लाखांच्या आसपास पेन्शनर आहेत. मी टेबलावर या फायली हाताळल्यात, एकेका फाईलमागं माणूस असतो, कुठं वीरपत्नी, कुठं एक पाय गेलेला नाईक, त्यामुळं हा पैसा फुकट जातो असं कुणी म्हणालं तर मला सहन होत नाही. जवान पस्तिशी-चाळिशीत रिटायर होतो, पुढं तीस-चाळीस वर्षं पेन्शन घेतो, हे त्या नोकरीचंच स्वरूप आहे. पण हिशेब म्हणून बघितलं तर १०० पैकी ७० रुपये पगार, चालू खर्च आणि पेन्शनमध्ये आधीच बांधलेले आहेत. तुमचे दीर म्हणतात ते लाखभर कोटी काढायचे तर ते पगार-पेन्शनमधून निघत नाहीत, निघाले तर नवीन सामानाच्या १.८ लाख कोटीतूनच निघणार, म्हणजे अर्ध्याहून जास्त खरेदी बंद. आणि विमानं आधीच कमी आहेत, हवाई दलाला मंजूर आहेत ४२ स्क्वाड्रन म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, मिग-२१ ची शेवटची विमानं २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झाली, तेव्हा उरल्या २९.

अग्निपथ ही जवान भरतीची योजना २०२२ ला आणली त्याच्या मागं हेही एक कारण होतं, चार वर्षं नोकरी, पंचवीस टक्केच पुढं कायम, बाकीच्यांना पावणेबारा लाखांच्या आसपास सेवा निधी आणि पेन्शन नाही. पण त्यातून पेन्शन लगेच कमी होईल असं समजू नका. २०२३ ला जुन्या पद्धतीनं भरती झाला असता तो जवान पेन्शनवर आला असता २०३८-४० च्या सुमारास, म्हणजे बचत दिसायला लागणार तेव्हा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं उपकेंद्र. ते राज्याकडं, जिल्हा परिषदेकडं येतं. शाळेचे मास्तर, पोलीस, पाणी सगळं राज्याचं. संरक्षण पूर्णपणे केंद्राचं. महाराष्ट्राचं २०२५-२६ चं अख्खं बजेट ७ लाख २० कोटी आहे, म्हणजे देशाच्या संरक्षणाएवढंच जवळपास. केंद्रानं संरक्षणाचा एक रुपया वाचवला तर तो आपोआप माण तालुक्यात येत नाही, आधी व्याजात जाऊ शकतो, केंद्राचं नुसतं व्याज पावणेतेरा लाख कोटी आहे, संरक्षणाच्या जवळजवळ दुप्पट.

परभणी_आशा

हिशेबनीस काका, आकडे छान समजावले, पण शेवटच्या परिच्छेदावर माझी हरकत आहे. मी आशा म्हणून अकरा वर्षं काम करते, "आरोग्य राज्याचा विषय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चीड येते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्राला ६० टक्के केंद्र देतं आणि ४० राज्य, म्हणजे केंद्राचा हात आहेच ना. सेस आणि सरचार्जचा, म्हणजे करावर लावलेल्या जादा कराचा पैसा तर केंद्र राज्यांना वाटून देतच नाही, तो सगळा त्यांच्याकडंच. मग केंद्राकडं पैसा वाढला-घटला त्याचा आमच्याशी संबंध नाही असं कसं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनं स्वतः लिहिलंय की २०२५ पर्यंत केंद्र-राज्य मिळून आरोग्यावर जीडीपीच्या २.५ टक्के खर्च करू. २०२५ ची मुदत आली, तिथं आपण पोचलो नाही. शिक्षणाचं ६ टक्क्यांचं तर कोठारी आयोगापासून चाललंय, २०२० च्या धोरणात परत तेच लिहिलं. फौजेला पैसा द्या, माझा चुलतभाऊ सीआरपीएफला आहे, मला त्याची किंमत कळते. माझं म्हणणं एवढंच की सीमेवर काही झालं की तातडीची खरेदी म्हणून एका महिन्यात मंजुरी निघते, आणि आमच्याकडं बीपीचं मशीन बिघडलं तर मी सहा महिने मागणी अर्ज देत बसते. मागच्या पावसाळ्यात लसीचा डबा खांद्याला लावून ओढा ओलांडला, पाणी मांडीला लागत होतं, डबा डोक्यावर घेतला, बर्फाच्या पिशव्या विरघळायच्या आत वाडीवर पोचायचं होतं. पोचले. सात पोरांना डोस दिले. त्या दिवसाचं मानधन किती पडलं ते इथं लिहीत नाही.

ताई, तुमच्या जाऊबाईंसारखे प्रसंग मी दर दोन महिन्याला बघते, सगळेच सुखरूप पोचत नाहीत.

भोसरी_सीएनसी

मी संरक्षणाच्या पैशाच्या दुसऱ्या टोकाला आहे, छोटं वर्कशॉप, तीन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, चौदा माणसं. एका मोठ्या कंपनीला जॉबवर्क करतो आणि त्यांच्यामार्फत आमचे पार्ट तोफेच्या असेंब्लीत जातात.

लोकांना वाटतं संरक्षणाचा पैसा म्हणजे सगळा फ्रान्स-रशियाला जातो, पूर्वी बराचसा जायचाच, ३६ राफेलचा २०१६ चा करार आठवा, ५९ हजार कोटी. पण आता खरेदीच्या बजेटातले तीन चतुर्थांश देशातल्या खरेदीला राखून ठेवतात. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला, साधारण ६९०० कोटी, त्यातला मोठा हिस्सा पुण्याच्याच कंपनीकडं. माझगाव डॉकनं सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या, शेवटची वाघशीर जानेवारी २०२५ ला नौदलात गेली. ओझरला तेजस मार्क १ए ची लाईन सुरू झाली, १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथनं पहिलं विमान उडालं. अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, भद्रावती, अंबाझरी, देहूरोड, खडकी, आपल्या राज्यात आयुध कारखान्यांची माळच आहे. हा पैसा आपल्याकडं पगार होऊन फिरतो, ते पण हिशेबात धरा.

पण एक खरं सांगतो, दवाखाना बांधला तरी पैसा फिरतोच, त्यामुळं रोजगार मिळतो म्हणून तोफा घ्या हे मी म्हणणार नाही. तोफ लागते म्हणून घ्यायची. आमच्याकडं एक कॉलर बनतो, मुठीएवढा, बोअरला म्हणजे आतल्या भोकाला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) इतका बारीक की सकाळी मशीन गार असताना घेतलेला जॉब आणि दुपारचा जॉब यात फरक पडतो, म्हणून पहिले दोन पीस आम्ही मोजून बाजूलाच ठेवतो. इन्स्पेक्शनला आलेला माणूस प्रत्येक पीस गेजवर चढवून बघतो, मटेरियलचा हीट नंबर (धातू कुठल्या वितळणीतला ते सांगणारा) सर्टिफिकेटशी जुळला नाही तर अख्खा लॉट परत. एकदा ४० पीस परत आलेत माझे. राग आला तेव्हा, पण तो पार्ट कुठं बसणारे हे माहीत असल्यावर वाद घालता येत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, पैसा मंजूर होतो आणि वेळेत उतरत नाही. कायद्यानं ४५ दिवसांत पेमेंट पाहिजे, मला एका ऑर्डरचं सात महिन्यांनी मिळालं, तोवर बँकेचं व्याज माझ्या बोकांडी आणि दोन पोरं सोडून गेली. बजेटमध्ये आकडा वाढवला म्हणून टाळ्या वाजतात, पण मार्चअखेर किती खर्च झाला ते कुणी बघत नाही.

खडकीचा_हिशेबनीस

@भोसरी_सीएनसी अगदी मुद्द्याचं बोललात. २०२४-२५ ला भांडवली खर्चाला १ लाख ७२ हजार कोटी दिले होते, सुधारित अंदाजात ते १ लाख ५९ हजार ५०० वर आले, साडेबारा हजार कोटी खर्चच होऊ शकत नव्हते. करार लांबतात, चाचण्या लांबतात, पुरवठादार उशीर करतो, आणि ३१ मार्चला न वापरलेला पैसा परत जातो. यासाठीच पंधराव्या वित्त आयोगानं वर्षअखेर लॅप्स न होणारा वेगळा आधुनिकीकरण निधी सुचवला होता. माझ्या नोकरीत दर फेब्रुवारी-मार्चला बिलांचा असा पूर यायचा की रात्री नऊ-दहा वाजेपर्यंत बसायचो, वर्षभर का नाही आली ही बिलं असं दरवर्षी वाटायचं.

@परभणी_आशा ताई, तुमची हरकत मान्य. ६०-४० चं बरोबर आहे आणि सेसचंही. मी राज्याचा विषय म्हणालो ते तांत्रिक अर्थानं, हात झटकायला नाही. तुमचा ओढा वाचून गप्प झालो थोडा वेळ.

फक्त एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९६२ च्या आधी आपला संरक्षण खर्च जीडीपीच्या दोन टक्क्यांच्या आसपासच होता, सगळा भर पंचवार्षिक योजनेवर, धरणं, पोलाद कारखाने. हेतू चांगला होता. चीननं हल्ला केला तेव्हा जवान सुती कपड्यांत बर्फात होते. मग यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणतात ते तेव्हाचं, आणि एका वर्षात खर्च चार टक्क्यांच्या जवळ न्यावा लागला. सक्तीच्या ठेवीची योजना आली, सुवर्ण नियंत्रण आलं, कर वाढले. माझ्या आईनं पाटल्यांची जोडी होती त्यातली एक संरक्षण निधीला दिली, दुसरी शेवटपर्यंत एकाच हातात घालायची. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो, तो एक मोकळा हात मला आठवतो. वेळेवर थोडं थोडं खर्च केलं नाही की एकदम करावं लागतं, आणि तेव्हा तो पैसा आरोग्य-शिक्षणातूनच जातो. म्हणून मी कपातीला घाबरतो.

श्टुटगार्टकर

हे शेवटचं वाक्य इथं जर्मनीत डोळ्यासमोर घडताना बघतोय. मी इथं बारा वर्षं आहे. शीतयुद्ध संपल्यावर यांनी वर्षानुवर्षं फौज कमी केली, २०११ ला सक्तीची लष्करी सेवा थांबवली. २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि तीन दिवसांत १०० अब्ज युरोचा खास निधी जाहीर. मार्च २०२५ मध्ये तर राज्यघटना बदलली, संरक्षणावर जीडीपीच्या एक टक्क्याच्या वर जो खर्च होईल तो कर्जाच्या मर्यादेत धरायचाच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नाटोच्या हेग बैठकीत २०३५ पर्यंत ५ टक्के ठरलं, त्यात ३.५ थेट फौजेवर. आमच्या ऑफिसात जेवताना हाच विषय असतो, पोरांच्या पाळणाघरात माणसं कमी आहेत, पूल जुने झालेत, आणि रणगाड्यांना मात्र कर्ज काढायला मुभा (पुलांसाठी-रेल्वेसाठी पण वेगळा ५०० अब्जांचा निधी काढलाय, पण लोकांच्या डोक्यात रणगाडेच बसलेत). श्रीमंत देश आहे म्हणून कर्ज काढून भागवता येतं. भारताला ती चैन नाही.

खडकीचा_हिशेबनीस

आणि जमत नसताना काढलं की काय होतं ते शेजारी बघा. पाकिस्ताननं २०२५-२६ ला एकूण बजेट साधारण ७ टक्क्यांनी कमी केलं आणि संरक्षण २० टक्क्यांनी वाढवलं. त्यांच्या १७.५७ लाख कोटी रुपयांच्या बजेटात संरक्षण २.५५ आणि व्याज ८.२ लाख कोटी, म्हणजे या दोनच गोष्टींत ६० टक्क्यांच्या वर गेले, आणि फौजी पेन्शन तर त्यांच्याकडं संरक्षणात धरतच नाहीत. तिथल्या आशाताईंना काय मिळत असेल. आपण तिथं नाही आहोत, पण मला परभणीच्या ताईंचं म्हणणं त्यामुळं जास्त पटतं, नुसता संरक्षणाचा आकडा वाढतोय म्हणून खूश व्हायचं नाही, बाकीचं काय होतंय ते त्याच पानावर बघायचं.

परभणी_आशा

काका तुमच्या आईची पाटली वाचली आणि डोळ्यात पाणी आलं. माझं भांडण फौजेशी नाहीच, हे आता तुम्हाला कळलंय. पण १९६२ नंतर जशी सगळ्यांनी शपथ घेतली की असं परत होऊ द्यायचं नाही, तशी २०२० च्या करोनानंतर दवाखान्यांसाठी कुणी घेतली? तेव्हा आम्ही घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरलो, थाळ्या वाजल्या, फुलं पडली. मग संपलं. संसदेची संरक्षणाची समिती म्हणते जीडीपीच्या ३ टक्के द्या, त्यावर बातम्या होतात, चर्चा होतात. २.५ टक्क्यांचं आरोग्याचं वचन मोडलं त्यावर एक दिवस तरी चर्चा पाहिजे होती.

माणदेशी_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्री सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आबा पेन्शनच्या परिच्छेदाला खाली बघत होते, मग म्हणाले माझी पेन्शन बंद करून दवाखाना काढा असं कुणी म्हणालं तर मी काय बोलणार, पण त्या पेन्शनीतूनच तुमच्या दोघांची शिक्षणं झाली. दीर काही बोलले नाहीत. नंतर ओट्यावर दोघं बराच वेळ बसले होते, बाळ आबांच्या मांडीवर होतं.

भावाला पण लिंक पाठवली. त्याला रेंज मिळाली तेव्हा एवढंच लिहिलं की ताई इथं मला जे जाकीट दिलंय ते चांगलंय, पण सुट्टीवर येताना रस्त्यात माझ्या डोक्यात पहिला विचार आईच्या शुगरचा असतो, गावात डॉक्टर आहे का नाही याचा. मुलानं ते वाक्य त्याला विचारून प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर लिहिलंय.

पहिल्या पानावर काकांनी सांगितलं तसं १३, ८ आणि १.९ तिन्ही आकडे शेजारी शेजारी काढलेत, खाली काय धरलंय ते लाल पेनानं. आता त्याला महाराष्ट्राच्या बजेटमध्ये आरोग्याचं पान काढायचंय, परवापासून फाईली उघडून बसलाय पण सापडत नाहीये, कुठं बघायचं असतं?

खडकीचा_हिशेबनीस

राज्याच्या मागण्यांना आकड्यांऐवजी अक्षरं असतात. सार्वजनिक आरोग्य विभाग 'आर' खाली बघा, वैद्यकीय शिक्षण 'एस' खाली, शालेय शिक्षण 'ई'. आणि त्याला म्हणावं अर्थसंकल्पीय अंदाजावर थांबू नको, शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज असतो आणि त्याच्या आधीच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, तो रकाना आधी वाच. अडलं तर इथंच विचारा, मी रोज संध्याकाळी असतो.